व्हिक्टर गोल्डश्मिट : नॉर्वेच्या भूवैज्ञानिकाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गोल्डश्मिट म्हणजे नक्की कोण? आधी थोडक्यात सांगा.

व्हिक्टर मोरित्झ गोल्डश्मिट. जन्म २७ जानेवारी १८८८, झुरिक. मृत्यू २० मार्च १९४७, ऑस्लो. खडक आणि खनिजांचा अभ्यास करणारा माणूस, पण त्यांनी विचारलेला प्रश्न त्या काळी कुणी फारसा विचारत नव्हतं. अमुक मूलद्रव्य अमुक ठिकाणी का सापडतं? सोनं खडकात इतकं कमी का, जस्त आणि शिसं एकत्र का सापडतात, गॅलियमची स्वतःची खाण का नसते. त्यांच्या आधीच्या लोकांनी कुठल्या खडकात काय किती आहे याच्या मोठमोठ्या याद्या केल्या होत्या, आणि ते काम कमी नव्हतं. पण त्या याद्यांच्या मागे नियम आहे आणि तो नियम अणूच्या आकारात आणि त्याच्यावरच्या विद्युतभारात आहे, हे दाखवलं गोल्डश्मिटनी. आज ज्याला जिओकेमिस्ट्री किंवा भूरसायनशास्त्र म्हणतात त्याच्या जनकांमध्ये अमेरिकेचे क्लार्क आणि रशियाचे व्हर्नाड्स्की यांच्यासोबत त्यांचं नाव घेतात. तिघांत सगळ्यात खोलवर कोण गेलं असं मला विचाराल तर मी गोल्डश्मिटच म्हणेन.

जन्म झुरिकचा, आडनाव जर्मन, मग नॉर्वेचे कसे?

वडिलांच्या नोकरीमुळे. वडील हाइनरिश गोल्डश्मिट हे केमिस्ट्रीचे प्रोफेसर होते, त्यामुळे लहानपणी झुरिक, मग अ‍ॅमस्टरडॅम, मग हायडेलबर्ग असा मुक्काम बदलत राहिला. मुलाचं नाव व्हिक्टर ठेवलं ते वडिलांचे सहकारी, नावाजलेले केमिस्ट व्हिक्टर मायर यांच्यावरून. १९०१ मध्ये वडिलांना क्रिस्टियानियाच्या युनिव्हर्सिटीत, म्हणजे आजच्या ऑस्लोमध्ये, पेटर वॉगे यांच्या जागी बोलावलं आणि कुटुंब तिकडे गेलं. वॉगे म्हणजे केमिस्ट्रीतल्या लॉ ऑफ मास अ‍ॅक्शनवाले वॉगे, जागा साधी नव्हती. १९०५ मध्ये कुटुंबाला नॉर्वेचं नागरिकत्व मिळालं, नॉर्वे स्वीडनपासून वेगळा झाला तेच वर्ष, आणि त्याच वर्षी व्हिक्टर युनिव्हर्सिटीत दाखल झाले. तेरा वर्षांचा मुलगा नव्या देशात येतो आणि पुढे त्या देशाच्या खडकांबद्दल त्या देशालाच शिकवतो, हे मला तरी फार मोठं वाटतं.

दोन व्हिक्टर गोल्डश्मिट होते का? नेटवर गोंधळ होतो.

हो, दोन होते आणि दोघंही खनिजवालेच. दुसरे हायडेलबर्गचे, वयाने खूप मोठे, १८५३ ते १९३३, त्यांनी क्रिस्टलच्या आकारांचा प्रचंड मोठा अ‍ॅटलास केला. जुन्या जर्मन लेखात नुसतं व्ही. गोल्डश्मिट असं लिहिलेलं दिसलं तर बहुतेक ते असतात, आपले ते व्ही. एम. गोल्डश्मिट. शिवाय थर्माइट वेल्डिंगची पद्धत काढणारे हान्स गोल्डश्मिट वेगळे, आणि चंद्रावरचं गोल्डश्मिट विवर आणखी एका वेगळ्याच खगोलशास्त्रज्ञाच्या नावाचं. गुगलवर फोटो शोधताना हे सगळे एकमेकांत मिसळतात, जपून.

त्यांचे गुरू कोण?

वाल्डेमार ब्र्योगर. नॉर्वेच्या भूविज्ञानातलं त्या वेळचं सगळ्यात वजनदार नाव. ऑस्लोच्या आसपासचा भाग भूविज्ञानाच्या दृष्टीने फार विलक्षण आहे, पर्मियन काळात, म्हणजे सुमारे २५ ते ३० कोटी वर्षांपूर्वी, तिथली जमीन ताणली जाऊन खचली आणि खालून मॅग्मा वर घुसला, त्यातून जे वेगवेगळे अग्निजन्य खडक बनले त्यातल्या कितीतरी खडकांची नावं ब्र्योगर यांनी ठेवलेली आहेत. त्यातला एक लार्विकाइट. आपल्याकडे किचनच्या ओट्याला किंवा ऑफिसच्या भिंतीला ब्लू पर्ल ग्रॅनाइट म्हणून निळ्या चमकीचा दगड लावतात ना, तो लार्विकाइट, दक्षिण नॉर्वेतल्या लार्विक गावाजवळचा, आणि खरं तर तो ग्रॅनाइट नाहीच. तर अशा प्रदेशात, अशा गुरूच्या हाताखाली हा मुलगा शिकला.

मग पीएचडी कशावर केली?

त्याच ऑस्लो भागावर. मॅग्मा जिथे घुसला तिथे आजूबाजूला आधीपासून जुनी चुनखडी, शेल असे गाळाचे खडक होते. ते तापून भाजले गेले आणि त्यांचा हॉर्नफेल्स नावाचा कठीण बारीक कणांचा खडक झाला. आता मजा अशी की गाळात चिकणमाती जास्त असेल तर वेगळी खनिजं तयार होतात, चुना जास्त असेल तर वेगळी, आणि मधली सगळी मिश्रणंही तिथे सापडतात. गोल्डश्मिटनी हे हॉर्नफेल्स दहा वर्गांत लावले आणि दाखवलं की कुठल्या वर्गात कुठली खनिजं एकत्र नांदणार हे ठरलेलं आहे, त्यात योगायोग नाही. फिजिकल केमिस्ट्रीत गिब्ज यांचा फेज रूल होता, तो त्यांनी खडकांना लावला. म्हणजे ठराविक तापमान आणि दाबाच्या पट्ट्यात समतोल साधलेल्या खडकात खनिजांची संख्या त्या खडकातल्या घटकांच्या संख्येपेक्षा जास्त असू शकत नाही. याला खनिजशास्त्रातला फेज रूल म्हणतात आणि रूपांतरित खडक शिकणाऱ्या प्रत्येकाला तो अजूनही शिकावा लागतो.

हा प्रबंध १९११ चा, वय वर्षं २३. दुसऱ्या वर्षी त्याच कामासाठी नान्सेन पुरस्कार मिळाला. आणि १९१२ मध्येच त्यांनी अजून एक गोष्ट केली जी मला स्वतःला फार आवडते. कॅल्साइट आणि क्वार्ट्झ एकत्र तापवले की वोलॅस्टोनाइट नावाचं खनिज होतं आणि कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. हे किती तापमानाला होईल ते दाबावर अवलंबून, कारण वरून दाब जास्त असेल तर गॅसला बाहेर पडायला जड जातं. त्यांनी नर्न्स्टच्या उष्णतेच्या सिद्धांतावरून याचा ग्राफ गणिताने काढला, म्हणजे खडकात वोलॅस्टोनाइट दिसलं की तो खडक किती तापला असेल याचा अंदाज बांधता येऊ लागला, न बघितलेल्या कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या भट्टीला थर्मामीटर लावण्यासारखं.

फिनलंडचे पेंटी एस्कोला पुढे ऑस्लोला येऊन त्यांच्यासोबत काम करून गेले, आणि एस्कोला यांची मेटामॉर्फिक फेसिजची, म्हणजे एकत्र सापडणाऱ्या खनिजांवरून रूपांतरित खडकांचं तापमान आणि दाब ओळखून गट पाडण्याची, कल्पना ज्यांनी परीक्षेसाठी पाठ केली असेल त्यांना या दोघांच्या कामाचं नातं लगेच कळेल.

प्रोफेसर कधी झाले?

१९१४, वय २६. स्टॉकहोमच्या जागेसाठी त्यांचं नाव पुढे आलं तशी ब्र्योगर यांनी ऑस्लोत हालचाल केली आणि त्यांना तिथेच जागा मिळाली, सोबत खनिजशास्त्र संस्थेचं संचालकपद.

पहिल्या महायुद्धाचा आणि त्यांच्या संशोधनाचा काय संबंध?

खूप मोठा, आणि हे बरेच लोक सोडून देतात. नॉर्वे युद्धात तटस्थ होता पण त्याचा व्यापार तटस्थ राहू शकला नाही, बाहेरून येणारा कच्चा माल अडला, शेतीला लागणारं पोटॅश खत जर्मनीकडून यायचं तेही अडचणीत. १९१७ मध्ये सरकारने कच्च्या मालाची समिती नेमली आणि अध्यक्ष केलं गोल्डश्मिटना, सोबत एक लॅब. काम काय, तर देशातल्या खडकात काय आहे ते शोधा आणि त्याचा उपयोग करा.

मग त्यांनी काय केलं बघा. पोटॅशियम असलेली खनिजं नॉर्वेत भरपूर, पण पिकाला ते मिळतं का हा खरा प्रश्न. त्यांच्या गटाने दाखवलं की फेल्डस्पारपेक्षा अभ्रकातलं, खास करून बायोटाइटमधलं पोटॅशियम झाडांना जास्त सहज मिळतं. दुसरं ऑलिव्हिन. नॉर्वेच्या पश्चिम किनाऱ्याकडे ओहाइमच्या बाजूला हिरव्या ऑलिव्हिनचे अख्खे डोंगर आहेत, त्याचा तोपर्यंत कुणाला मोठा उपयोग दिसला नव्हता. मॅग्नेशियमवालं ऑलिव्हिन जवळजवळ १९०० अंश सेल्सिअसपर्यंत वितळत नाही, म्हणजे भट्टीच्या आतल्या विटांसाठी उत्तम. त्यांनी त्यावर वर्षानुवर्षं काम केलं, पेटंट घेतली, आणि त्यातून नॉर्वेत खरोखरचा उद्योग उभा राहिला. ओतकामाच्या कारखान्यात क्वार्ट्झच्या वाळूऐवजी ऑलिव्हिनची वाळू वापरली तर कामगारांना सिलिकोसिस या फुफ्फुसाच्या आजाराचा धोका नसतो कारण त्यात मोकळी सिलिका नसते, हा अजून एक फायदा.

पण यापेक्षा मोठी गोष्ट अशी की या सरकारी कामातूनच त्यांना तो मूळ प्रश्न मिळाला. कच्चा माल शोधायचा तर मूलद्रव्यं निसर्गात कशी वाटली जातात याचे नियम कळायला हवेत, नाहीतर नुसतं खणत बसायचं. त्यातून १९२३ पासून १९३८ पर्यंत एक लेखमाला निघाली, मूलद्रव्यांच्या भूरासायनिक वाटपाचे नियम या विषयावर, नऊ भाग, जर्मनमध्ये. शेती आणि कारखान्यासाठी सुरू झालेलं काम आणि त्यातून एका विज्ञानाचा पाया. शुद्ध विज्ञान वेगळं आणि उपयोगाचं विज्ञान वेगळं असं म्हणणाऱ्यांना मी नेहमी हे उदाहरण देते.

सिडेरोफाइल, लिथोफाइल वगैरे शब्द त्यांचेच का? सोप्या भाषेत सांगा ना.

त्यांचेच. कल्पना अशी की सुरुवातीला पृथ्वी वितळलेली होती आणि त्यात पदार्थ वेगवेगळे झाले, जड धातू खाली, हलकी सिलिकेटं, म्हणजे सिलिकॉन आणि ऑक्सिजनची खनिजं, वर. तांब्याच्या भट्टीत पण असंच होतं, तळाशी धातू, मध्ये गंधकवाला थर, वर मळी. अशनींमध्ये म्हणजे आकाशातून पडलेल्या दगडांत पण हेच तीन भाग दिसतात, लोखंड-निकेल, लोखंडाचं सल्फाइड आणि सिलिकेट. गोल्डश्मिटनी म्हटलं की प्रत्येक मूलद्रव्य या तिघांपैकी कुणाकडे ओढलं जातं ते तपासू.

लोखंडाकडे जाणारी ती सिडेरोफाइल: निकेल, कोबाल्ट, सोनं, प्लॅटिनम, इरिडियम. गंधकाकडे जाणारी कॅल्कोफाइल: तांबं, जस्त, शिसं, चांदी, पारा. ऑक्सिजनशी जुळवून सिलिकेट खडकात राहणारी लिथोफाइल: सोडियम, पोटॅशियम, कॅल्शियम, अ‍ॅल्युमिनियम, युरेनियम, थोरियम. आणि हवेत राहणारी अ‍ॅटमोफाइल: नायट्रोजन, अरगॉन. काही मूलद्रव्यं दोन गटांत पाय ठेवून असतात, लोखंड स्वतःच धातू म्हणून गाभ्यात आहे, सल्फाइड म्हणून आहे आणि ऑक्साइड, सिलिकेट म्हणून कवचातही आहे, म्हणजे हे डबे पक्के बंद नाहीत.

यावरून लगेच कळतं की सोनं कवचात इतकं कमी का: बहुतेक सगळं लोखंडाबरोबर गाभ्यात गेलं. युरेनियम इतका जड अणू असूनही कवचात का: कारण त्याला ऑक्सिजन हवा, वजनाचा इथे संबंध नाही. ही गोष्ट मला कॉलेजात पहिल्यांदा कळली तेव्हा मी वहीत तीनदा अधोरेखित केली होती, कारण तोपर्यंत जड ते खाली असंच डोक्यात बसलेलं होतं.

आयनिक रेडियसचं प्रकरण काय आहे?

माझ्या मते हा त्यांच्या आयुष्यातला सर्वात उंच टप्पा. १९१२ नंतर एक्स-रे वापरून क्रिस्टलमधले अणू कुठे बसलेत हे मोजता यायला लागलं होतं. पण एक्स-रे दोन अणूंच्या केंद्रांमधलं अंतर देतो, त्यातलं किती अंतर कुणाचं हे सांगत नाही. फिनलंडच्या वासास्येर्ना यांनी १९२३ मध्ये प्रकाशाच्या अपवर्तनावरून फ्लोराइड आणि ऑक्सिजनच्या आयनांचे, म्हणजे विद्युतभार असलेल्या अणूंचे, रेडियस काढले होते, १.३३ आणि १.३२ अँगस्ट्रॉम (एक अँगस्ट्रॉम म्हणजे सेंटिमीटरचा दहा कोटीवा भाग). गोल्डश्मिटनी ते धरले आणि बाकीच्यांचे वजाबाकीने काढत गेले. सांगायला सोपं, पण त्यासाठी त्यांनी आणि सहकाऱ्यांनी थोड्या वर्षांत सुमारे २०० संयुगांच्या रचना तपासल्या, १९२६ मध्ये टेबल छापलं. पुढच्या वर्षी अमेरिकेत पॉलिंग यांनी वेगळ्या मार्गाने स्वतःचं टेबल काढलं, आज बहुतेक जण शॅनन यांचं १९७६ चं टेबल वापरतात, पण वाट पाडली ती इथे.

आता या टेबलाने काय झालं. खनिज म्हणजे मुख्यतः मोठ्या ऑक्सिजन आयनांची रचना आणि त्यांच्यामधल्या फटींत बसलेले छोटे धन आयन. मग एखादा दुर्मीळ आयन कुठे बसेल? जिथे त्याच्या मापाची जागा आहे तिथे. रेडियसमधला फरक १५ टक्क्यांच्या आत असेल आणि भार सारखा असेल तर तो दुसऱ्याची जागा घेऊ शकतो. गॅलियमचं माप आणि भार अ‍ॅल्युमिनियमसारखा, म्हणून गॅलियम अ‍ॅल्युमिनियमच्या खनिजांत लपतो, म्हणून त्याची वेगळी खाण नाही आणि जगात तो मुख्यतः बॉक्साइटपासून अ‍ॅल्युमिना बनवताना मिळतो. आपल्या कोल्हापूर-रत्नागिरीच्या सड्यांवरचं बॉक्साइट असो की जगातलं कुठलंही, नियम तोच. हाफ्नियम झिर्कोनियममध्ये लपतो, इतका की १९२३ पर्यंत कुणाला तो सापडलाच नव्हता. रुबिडियम पोटॅशियमच्या जागी. याला ते कॅमुफ्लाज म्हणायचे.

आणि लँथनाइडचं आकुंचन. रेअर अर्थ मूलद्रव्यांत लँथनमपासून ल्युटेशियमकडे जाताना अणुक्रमांक वाढतो तसा आयन मोठा व्हायला हवा असं वाटतं, पण तो लहान होत जातो. लँथनाइड काँट्रॅक्शन हा शब्द त्यांच्या गटाने १९२५ मध्ये दिला. बारावी-बीएस्सीला केमिस्ट्रीत हा मुद्दा असतोच, पण तो एका खनिजवाल्याने मांडला हे पुस्तकात क्वचित लिहिलेलं असतं.

पेरोव्हस्काइट सोलर सेलवाल्या लेखांत गोल्डश्मिट टॉलरन्स फॅक्टर असतो, ते हेच का?

हेच. पेरोव्हस्काइट हे एक खनिज, आणि त्याच्यासारखी रचना असलेल्या पदार्थांनाही तेच नाव. त्या रचनेत एक मोठा आयन, एक लहान आयन आणि ऑक्सिजनसारखा ऋण आयन. मोठा आयन फार मोठा किंवा फार लहान झाला तर रचना वाकडी होते किंवा बनतच नाही. १९२६ मध्ये त्यांनी रेडियसवरून एक साधं गुणोत्तर काढलं, ते १ च्या जवळ असलं की छान घनाकृती रचना, ०.८ च्या आसपास खाली गेलं की गडबड. शंभर वर्षं होत आली तरी नवीन मटेरियल बनवण्याआधी लोक पहिल्यांदा हाच आकडा काढतात, भारतातल्या लॅबमध्ये पण. त्यात चुका निघतात, सुधारलेली सूत्रं आली आहेत, तरी सुरुवात इथूनच.

पृथ्वीच्या कवचाची सरासरी त्यांनी चिखलावरून काढली हे खरं आहे?

खरं आहे आणि कल्पना भन्नाट आहे. कवचाची सरासरी काढायची तर हजारो खडकांचे नमुने तपासावे लागतात, क्लार्क आणि वॉशिंग्टन यांनी तसंच केलं होतं. गोल्डश्मिट म्हणाले निसर्गाने हे काम करून ठेवलंय. हिमयुगातल्या हिमनद्यांनी स्कँडिनेव्हियाचे खडक घासून पीठ केलं आणि ते मिसळून दक्षिण नॉर्वेत चिकणमातीच्या रूपात आणून टाकलं, फारशी रासायनिक झीज न होता. त्या मातीचे सत्तरहून जास्त नमुने तपासले, सरासरी काढली, आणि ती हजारो खडकांच्या सरासरीच्या बरीच जवळ आली. सोडियम आणि कॅल्शियम थोडे कमी आले, कारण ते पाण्यात विरघळून जातात.

जर्मनीला का गेले आणि परत का आले?

१९२९ मध्ये ग्योटिंगेनने बोलावलं, मोठी संस्था, चांगली साधनं. तेव्हाचं ग्योटिंगेन म्हणजे माक्स बोर्न, जेम्स फ्रांक अशा भौतिकशास्त्रज्ञांचं गाव. तिथे त्यांनी स्पेक्ट्रोग्राफ, म्हणजे प्रकाशाचा वर्णपट टिपणारं यंत्र, वापरून दुर्मीळ मूलद्रव्यं अगदी सूक्ष्म प्रमाणातली मोजली. कोळशाच्या राखेत जर्मेनियम साठतं हे त्याच काळातलं काम, आणि हा शोध पुढे जर्मेनियम मिळवण्यासाठी वापरला गेला.

१९३३ मध्ये नाझी सत्तेवर आले. गोल्डश्मिट ज्यू होते. बोर्न, फ्रांक गेले, गोल्डश्मिट दोन वर्षं टिकून राहिले पण परिस्थिती असह्य होत गेली आणि १९३५ मध्ये राजीनामा देऊन म्हाताऱ्या वडिलांसह ऑस्लोला परतले. वडील १९३७ ला वारले. त्याच वर्षी गोल्डश्मिटनी लंडनच्या केमिकल सोसायटीत ह्यूगो म्युलर व्याख्यान दिलं, त्यात वीस वर्षांच्या कामाचं सार आहे.

युद्धात त्यांना पकडलं होतं का?

दोनदा. ९ एप्रिल १९४० ला जर्मनीने नॉर्वेवर हल्ला केला. २६ ऑक्टोबर १९४२ ला नॉर्वेतल्या ज्यू पुरुषांची धरपकड झाली, गोल्डश्मिटना पकडून टोन्सबर्गजवळच्या बर्ग छावणीत टाकलं. तब्येत बिघडल्यामुळे नोव्हेंबरमध्ये सोडलं आणि २५ नोव्हेंबरला पुन्हा पकडलं. दुसऱ्या दिवशी ऑस्लोच्या धक्क्यावर डोनाउ नावाचं जहाज उभं होतं, त्यातून ५३२ ज्यू माणसांना नेलं, बायका, मुलं, म्हातारे, पुढे आउशवित्झला, आणि त्यातले फारच थोडे जिवंत राहिले. गोल्डश्मिट त्या धक्क्यावर होते. शेवटच्या क्षणी त्यांना बाजूला काढलं, कारण सहकाऱ्यांनी पोलिसांना पटवलं होतं की या माणसाचं ज्ञान देशाला हवंय.

इथे एक गोष्ट लिहिल्याशिवाय मला राहवत नाही. हे पकडणारे मुख्यतः नॉर्वेचेच पोलीस होते. ज्या देशाच्या शेतीसाठी, कारखान्यांसाठी या माणसाने पंचवीस वर्षं खपून काम केलं त्या देशाच्या पोलिसांनी. लँथनाइडच्या पेपरवर ज्यांचं नाव त्यांच्या नावाबरोबर आहे ते गुलब्रांड लुंडे हे जुने सहकारी नाझींना साथ देणाऱ्या क्विसलिंगच्या सरकारात मंत्री झाले होते. आणि वाचवणारे पण नॉर्वेचेच लोक. धक्क्यावरून परत आलेल्या माणसाची सुटका त्याच्या उपयोगीपणामुळे झाली, बाकीच्या ५३२ जणांना तसं सांगणारं कुणी नव्हतं, तशी गरज पडायलाच नको होती.

त्या काळात ते सायनाइडची कुपी जवळ बाळगत. डिसेंबर १९४२ मध्ये भूमिगत चळवळीच्या लोकांनी त्यांना स्वीडनमध्ये पोचवलं, मार्च १९४३ ला विमानाने ब्रिटन.

ब्रिटनमध्ये काय केलं?

आधी अ‍ॅबरडीनच्या मॅकॉले इन्स्टिट्यूटमध्ये, मग रोथॅमस्टेडला, दोन्ही ठिकाणं माती आणि शेतीच्या संशोधनाची, म्हणजे बायोटाइटच्या पोटॅशपासून सुरू झालेलं वर्तुळ तसं जुळतंच. नॉर्वेतल्या कच्च्या मालाबद्दल आणि जर्मन तंत्राबद्दल त्यांनी ब्रिटिशांना माहिती दिली. १९४३ मध्ये रॉयल सोसायटीचे परदेशी सदस्य, १९४४ ला वोलॅस्टन मेडल. तब्येत मात्र छावणीनंतर सावरली नाही. जून १९४६ मध्ये ऑस्लोला परतले आणि नऊ महिन्यांत गेले, वय ५९. लग्न केलं नव्हतं. जिओकेमिस्ट्रीवरचं मोठं पुस्तक अर्धवट राहिलं होतं, ते अ‍ॅलेक्स म्यूर यांनी पूर्ण करून १९५४ मध्ये ऑक्सफर्डहून छापलं.

नोबेल मिळालं का?

नाही. नॉमिनेशन अनेकदा झालं. माझं मत विचाराल तर मिळायला हवं होतं, रेडियसच्या कामासाठी तरी नक्कीच. पण त्यांचा एक वेगळा तक्ता दुसऱ्यांच्या नोबेलच्या मागे आहे. अशनी, सूर्य आणि खडक यांची माहिती जुळवून १९३८ मध्ये त्यांनी विश्वातल्या मूलद्रव्यांच्या प्रमाणाचा तक्ता काढला. १९४० च्या दशकात मारिया ग्योपर्ट मायर अणुकेंद्राचा अभ्यास करत होत्या, त्यांना असे प्रमाणाचे आकडे बघताना दिसलं की काही ठराविक संख्येचे प्रोटॉन किंवा न्यूट्रॉन असलेली केंद्रकं जास्त प्रमाणात आहेत, ५०, ८२ असे ते आकडे. त्यातून केंद्रकाचं शेल मॉडेल, म्हणजे केंद्रकातले कण थराथरांत बसतात ही मांडणी, आणि १९६३ चं फिजिक्सचं नोबेल. खडकांवरून अणूच्या पोटापर्यंत.

त्यांच्या नावाने आज काय काय आहे?

दरवर्षी भरणारी गोल्डश्मिट कॉन्फरन्स, जिओकेमिस्ट्रीतली जगातली सगळ्यात मोठी परिषद, भारतातले कितीतरी संशोधक तिथे पेपर वाचायला जातात. जिओकेमिकल सोसायटीचं सर्वोच्च पदक. नॉर्वेच्या पोस्टाने १९७४ मध्ये भूवैज्ञानिकांची तिकिटं काढली त्यात ते आहेत, गुरू ब्र्योगरही आहेत. आणि २०१९ मध्ये गोल्डश्मिटाइट हे खनिज नोंदवलं गेलं, दक्षिण आफ्रिकेच्या एका हिऱ्यात सापडलेलं, रचना पेरोव्हस्काइटची, यापेक्षा योग्य निवड झाली नसती. पूर्वी हेच नाव हायडेलबर्गच्या गोल्डश्मिटांसाठी एका खनिजाला दिलं होतं पण ते आधीच माहीत असलेलं सिल्व्हानाइटच निघालं म्हणून बाद झालं.

महाराष्ट्रातल्या विद्यार्थ्याने हे का वाचावं?

लोणारसाठी. लोणारचं विवर बेसॉल्टमध्ये आहे, आणि आघाताने वितळून उडालेल्या काचेच्या बारीक गोळ्या तिथे सापडतात. त्यांत आजूबाजूच्या बेसॉल्टपेक्षा निकेल आणि कोबाल्ट जास्त निघाले तर ते कुठून आले? बाहेरून, आदळणाऱ्या अशनीतून, कारण ही सिडेरोफाइल मूलद्रव्यं अशनीत भरपूर असतात आणि कवचात कमी. डायनोसॉरच्या शेवटाच्या थरातलं इरिडियम, १९८० चं अल्वारेझ पितापुत्रांचं काम, तेही याच तर्कावर.

सुरुवात कुठून करू?

१९३७ च्या लंडनच्या व्याख्यानापासून. ते इंग्रजीत आहे, सुमारे वीस पानं, गणित जवळजवळ नाही, आणि बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाच्या मुलाला कळेल. सोबत पिरियॉडिक टेबल आणि शॅननच्या रेडियसचा तक्ता ठेवा, आणि वाचताना प्रत्येक उदाहरणात रेडियस आणि भार स्वतः ताडून बघा. १९५४ चं पुस्तक त्यानंतर, तेही सरळ पहिल्या पानापासून न वाचता एकेक मूलद्रव्य घेऊन. मी गॅलियमपासून सुरू केलं होतं, तुम्ही कोणतंही घ्या. जर्मन येत असेल तर मग नऊ भागांची लेखमाला आहेच.